औषधनिर्मितीतील विकरे : काम पाण्यात, धोका हवेत

औषधांच्या कारखान्यातील धोका म्हटला की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर आग, स्फोट आणि वायुगळती येते. तारापूर, महाड, कुरकुंभ, लोटे-परशुराम अशा औद्योगिक वसाहतींतून येणाऱ्या बातम्याही बहुधा त्याच असतात. परंतु या उद्योगात गेल्या काही दशकांत एका वेगळ्या, आवाज न करणाऱ्या जोखमीने प्रवेश केला आहे. तिला ज्वाला नाही, धूर नाही आणि ती ज्या वस्तूमुळे उद्भवते तिची गणना विषांत होत नाही. उलट, पर्यावरणस्नेही म्हणून त्या वस्तूचे कौतुकच होते. ही वस्तू म्हणजे विकर, अर्थात एन्झाइम.

सजीवांच्या पेशींत तयार होणारी आणि रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने म्हणजे विकरे. तोंडात घोळवलेला भाकरीचा घास गोड लागू लागतो तो लाळेतील विकरामुळे आणि कच्च्या पपईचा कीस लावलेले मटण लवकर शिजते तेही विकरामुळेच. विकर स्वतः खर्ची पडत नाही, अनेक रेणूंच्या गर्दीतून नेमका हवा तोच रेणू निवडते आणि हे सारे काम शरीराच्या तापमानाला, साध्या पाण्यात करते. औषध उद्योगाला त्याची भुरळ पडली ती या गुणांमुळे.

उणे चाळीस अंशांपासून सदतीस अंशांपर्यंत

विकरांनी औषधनिर्मितीत काय बदलले, हे समजून घ्यायचे तर अॅम्पिसिलिन आणि अॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकांकडे पाहावे. ही दोन्ही औषधे तयार करण्यासाठी बुरशीच्या किण्वनातून मिळालेल्या पेनिसिलिन-जी या रेणूची एक बाजू कापून टाकावी लागते. उरलेल्या गाभ्याला ‘सिक्स-एपीए’ म्हणतात. ब्रिटनमधील बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये हा गाभा वेगळा केला आणि १९५९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्यानंतर आलेल्या अर्धकृत्रिम पेनिसिलिनांचा सारा डोलारा या एका रेणूवर उभा आहे.

ही बाजू रसायनांच्या साह्याने कापण्याची पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली. तिचा हिशेब पाहिला तर आजही आश्चर्य वाटते. एक किलो सिक्स-एपीए मिळविण्यासाठी सुमारे १.२ किलो फॉस्फरस पेंटाक्लोराइड, १.६ किलो डायमिथाइल अॅनिलिन, ०.६ किलो ट्रायमिथाइल क्लोरोसायलेन आणि ब्यूटेनॉल व डायक्लोरोमिथेन ही द्रावके प्रत्येकी आठ लिटरहून अधिक लागत. त्यातच तापमान उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत खाली ठेवावे लागे. फॉस्फरस पेंटाक्लोराइड पाण्याच्या संपर्कात आले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात. डायमिथाइल अॅनिलिन त्वचेतूनही शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटविते. अशा पदार्थांची पिंपेच्या पिंपे हाताळणाऱ्या कामगाराला किती जोखीम पत्करावी लागत असेल, याची कल्पना यावरून येते.

हेच काम पेनिसिलिन अॅसिलेज नावाचे जीवाणूजन्य विकर ३७ अंशांच्या आसपास, पाण्यात करते. त्या पद्धतीत एक किलो सिक्स-एपीएसाठी सुमारे दोन लिटर पाणी आणि ९० ग्रॅम अमोनिया पुरतो. हे विकर बारीक दाण्यांवर पक्के बांधलेले असते. रिॲक्टरच्या तळाशी जाळी असते. क्रिया पूर्ण झाली की द्रावण जाळीतून खाली निघून जाते आणि दाणे वरच राहून पुढच्या बॅचला तयार असतात. एकच दाणा शेकडो बॅचमध्ये राबतो.

या तंत्राशी पुण्याचाही जवळचा संबंध आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले. पुढे तेथे आणि पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन अॅसिलेजवर दीर्घकाळ संशोधन झाले. चीनमधून स्वस्त आयात सुरू झाल्यावर देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन जवळजवळ थांबले, ही वेगळी आणि तितकीच खेदाची कथा. केंद्राच्या २०२० मधील उत्पादन प्रोत्साहन योजनेनंतर आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे २०२४ मध्ये मोठा कारखाना सुरू झाला आणि विकरांवर आधारित ही साखळी देशात पुन्हा जुळू लागली.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन हे अलीकडचे उदाहरण. त्याच्या निर्मितीतील एका टप्प्यावर ऱ्होडियम हा मौल्यवान धातू वापरून उच्च दाबाखाली हायड्रोजन वायू सोडावा लागत असे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी एका विकराची टप्प्याटप्प्याने ‘मशागत’ करून ते या कामाला लावले. २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी वाढले, टाकाऊ पदार्थ १९ टक्क्यांनी घटले आणि उच्च दाबाच्या हायड्रोजनची गरजच उरली नाही. ही मशागत करण्याचे तंत्र विकसित करणाऱ्या फ्रान्सेस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

म्हणजे स्फोट, आग आणि विषारी वाफा यांच्या दृष्टीने पाहिले तर विकरांनी कारखाना अधिक सुरक्षित केला, यात शंका नाही. प्रश्न उरतो तो विकराचा स्वतःचा.

१९६९ चा धडा

विकरे गिळल्याने सहसा अपाय होत नाही. अन्नातून आपण ती रोजच खातो. पण तेच प्रथिन कोरड्या भुकटीच्या रूपात हवेत उडाले आणि श्वासावाटे फुफ्फुसात गेले की गोष्ट पालटते. शरीराची संरक्षणयंत्रणा या परक्या प्रथिनाला शत्रू समजून ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडे तयार करू लागते. या अवस्थेत व्यक्तीला काहीच जाणवत नाही. शिंक नाही, खोकला नाही. पुढे काही आठवडे, काही महिने किंवा काही वर्षांनी तीच धूळ पुन्हा नाकात गेली की नाक वाहणे, डोळ्यांतून पाणी येणे, छाती भरणे, धाप लागणे सुरू होते. एकदा शरीर असे संवेदनशील झाले की पूर्वी ज्या मात्रेने काही होत नव्हते, त्याहून कितीतरी कमी मात्राही दम्याचा झटका आणू शकते.

हे ज्ञान औषध उद्योगातून नव्हे, तर कपडे धुण्याच्या पावडरीच्या उद्योगातून आले. १९६० च्या दशकात ‘डाग खाणाऱ्या’ पावडरींचा जमाना सुरू झाला. त्यात बॅसिलस जीवाणूपासून मिळविलेले, प्रथिने तोडणारे विकर मिसळलेले असे. ब्रिटनमधील कारखान्यांत ते मैद्यासारख्या बारीक भुकटीच्या रूपात येई. जून १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. फ्लिंट यांनी या कामगारांतील श्वसनविकारांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच अंकात डॉ. पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागील अॅलर्जीची बाजू मांडली. उद्योगाला हादरा बसला. विकर भुकटीऐवजी मेणासारख्या आवरणात बंद केलेल्या दाण्यांच्या रूपात येऊ लागले. यंत्रे झाकली गेली, कामगारांची नियमित तपासणी सुरू झाली आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली.

मात्र दाण्यांवर विसंबून राहणेही पुरेसे नाही, हे तीस वर्षांनी पुन्हा दिसले. सुरुवातीपासून केवळ आवरणबंद विकरेच वापरणाऱ्या एका आधुनिक ब्रिटिश कारखान्यात कामगारांना अॅलर्जी व दमा झाल्याचा अहवाल २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. दाणा यंत्रात चिरडला जातो, पायाखाली येतो, पट्ट्यावर घासला जातो आणि पुन्हा भुकटी होते.

औषधांच्या कारखान्यातही तेच

सिक्स-एपीएच्या रिॲक्टरमध्ये विकर ओलेच असते, त्यामुळे तेथे जोखीम कमी. पण विकर हेच जेव्हा औषध असते, तेव्हा ते वाळवावे, चाळावे, मिसळावे आणि त्याच्या गोळ्या पाडाव्या लागतात. आपल्या घरातील औषधांच्या डब्यात अशा गोळ्या हमखास सापडतात. जड जेवणानंतरच्या पाचक गोळ्यांत बुरशीजन्य डायस्टेज, पेप्सिन किंवा पपेन असते. स्वादुपिंडाच्या विकारात पॅन्क्रिएटिन दिले जाते, तर शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. दूध न पचणाऱ्यांसाठी लॅक्टेज असते.

वैद्यकीय साहित्यात या जवळजवळ प्रत्येक विकराच्या नावाने व्यावसायिक दम्याची नोंद आहे. पपेनची धूळ हाताळणाऱ्यांचे अहवाल १९७० च्या दशकातील आहेत, अननसापासून मिळणाऱ्या ब्रोमेलेनचेही. लॅक्टेजच्या गोळ्या बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगार संवेदनशील झाल्याच्या नोंदी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाल्या. १९९७ मध्ये कोरियातील एका औषध कंपनीतील कामगारांत सेराशिओपेप्टिडेज आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम यांमुळे झालेल्या त्रासाची नोंद झाली.

यातील सेराशिओपेप्टिडेजची गोष्ट काहीशी विचित्र आहे. रेशीमकिड्याच्या आतड्यातील जीवाणूपासून मिळालेले हे विकर भारतात वेदनाशामकांच्या जोडीने वर्षानुवर्षे लिहून दिले जात आहे. ज्या जपानमध्ये ते जन्मले, तेथे मात्र चाचण्यांत बिनऔषधी गोळीपेक्षा त्याचा अधिक गुण न दिसल्याने ताकेदा कंपनीने २०११ मध्ये ते स्वतःहून बाजारातून मागे घेतले. ज्याचा रुग्णाला होणारा लाभच वादात आहे, त्याच्या धुळीने कामगाराने फुफ्फुसे का पणाला लावावीत, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरत नाही.

पॅन्क्रिएटिनच्या बाबतीत तर त्रास कारखान्याच्या भिंती ओलांडून घरापर्यंत पोहोचला होता. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या मुलांना अन्नावर ही भुकटी घालून द्यावी लागे. ती शिंपडणाऱ्या आईवडिलांनाच शिंका आणि दमा सुरू झाल्याच्या नोंदी १९७० च्या दशकात झाल्या. आता हे औषध आवरणयुक्त सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात येते.

पपेनचा कच्चा माल महाराष्ट्राला परका नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार हा पपईचा पट्टा. कच्च्या फळाला उभ्या चिरा देऊन पाझरणारा पांढरा चीक गोळा करतात आणि वाळवून त्याची भुकटी होते. चीक ओला असताना तो हाताची कातडी सोलतो, हे शेतमजुरांना अनुभवाने ठाऊक असते. वाळल्यावर तो हाताला फारसा जाणवत नाही, पण श्वासाला अधिक धोकादायक होतो. प्रथिने तोडणाऱ्या साऱ्याच विकरांचा हा दुहेरी स्वभाव आहे. ओलसर त्वचेवर, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत आणि हातमोज्यांच्या आत, ती दाह करतात, तर फुफ्फुसात अॅलर्जी.

किती धूळ म्हणजे फार?

याचे उत्तर सामान्य अंदाजाच्या पलीकडचे आहे. धुलाई पावडरीतील सबटिलिसिन या विकरासाठी ब्रिटनमध्ये आठ तासांच्या पाळीत सरासरी एक घनमीटर हवेत ४० नॅनोग्रॅम इतकी कमाल मर्यादा आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘एसीजीआयएच’ने, कोणत्याही क्षणी ओलांडू नये अशी ६० नॅनोग्रॅमची मर्यादा सुचविली आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ब्रिटनमध्ये साध्या, निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या धुळीसाठीचा निकष घनमीटरला दहा मिलिग्रॅम आहे. विकराची मर्यादा त्याहून अडीच लाख पटींनी कडक आहे.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तितक्याच उंचीच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. ६० नॅनोग्रॅमच्या हिशेबाने त्या खोलीतील हवेत तरंगणारे विकर १.७ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की मर्यादा ओलांडली जाते. चिमूटभर भुकटीचे वजन याच्या हजारो पट भरते. म्हणूनच ‘धूळ दिसत नाही, म्हणजे नाही’ हा कारखान्यातील नेहमीचा समज येथे फसवा ठरतो. उन्हाच्या कवडशात धूळ दिसू लागते, तोवर मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते.

औषध उद्योगातील बहुसंख्य विकरांसाठी अशी स्वतंत्र कायदेशीर मर्यादा ठरलेली नाही. त्यामुळे ६० नॅनोग्रॅमचा आकडाच व्यवहारात पट्टी म्हणून वापरला जातो. युरोपातील रसायनविषयक कायद्याखाली विकरांचे मूल्यमापन करतानाही तोच आधार घेतला गेला. मोजमाप करण्यासाठी हवा ठराविक वेळ गाळणीकागदातून ओढतात आणि त्यावर बसलेले प्रथिन प्रयोगशाळेत प्रतिपिंडांच्या साह्याने मोजतात. अहवाल हाती येईपर्यंत पाळी संपलेली असते. म्हणून मोजमाप ही पहाऱ्याची व्यवस्था झाली, बचावाची नव्हे.

बचाव कोठे सुरू होतो

विकर उत्पादकांच्या युरोपीय संघटनेने, ‘अॅम्फेप’ने, आणि तिच्या अमेरिकेतील समकक्ष संस्थेने सुरक्षित हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. धूळ उडाल्यावर ती अडविण्यापेक्षा ती उडूच देऊ नये.

त्यासाठी पहिला निर्णय खरेदी विभागाच्या टेबलावर होतो. एकच विकर द्रवरूपात, आवरणबंद दाण्यांच्या रूपात किंवा कोरड्या भुकटीच्या रूपात मिळत असेल तर भुकटी शेवटी निवडावी. भुकटी स्वस्त पडते आणि अधिक काळ टिकते, हे खरे. पण त्या बचतीची किंमत पुढे यंत्रे झाकण्यात आणि हवा गाळण्यात मोजावी लागते. ती तेथे मोजली नाही तर कामगाराच्या छातीतून वसूल होते. द्रव विकरही पूर्ण निर्धोक नाही. ते वेगाने ढवळले, फवारले किंवा त्याच्या नळीची जोडणी दाबाखाली गळली की सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. जमिनीवर सांडून वाळलेले द्रव विकर म्हणजे दुसऱ्या दिवशीची भुकटीच.

दुसरा मुद्दा पोते रिकामे करण्याचा. बहुतेक कारखान्यांत सर्वाधिक धूळ उडते ती येथे आणि हे काम बहुधा सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या, अनेकदा कंत्राटी, कामगाराच्या वाट्याला येते. पोते फोडून उंचावरून ओतणे, रिकामे पोते झटकणे, त्याची घडी घालताना आतली हवा दाबून बाहेर काढणे, या तिन्ही सवयी घातक आहेत. बंद कपाटासारख्या, आत हवा ओढणाऱ्या कक्षात पोते उघडावे, रिकामे झाल्यावर ते तेथेच पिशवीत बंद करावे आणि वजनही तेथेच करावे, ही त्यावरची उपाययोजना. मोठ्या कारखान्यांत हातमोजे बसविलेल्या काचेच्या पेटीत हे काम होते.

मग येतात चाळण्या, मिश्रणयंत्रे, गरम हवेवर दाणे वाळविणारे ड्रायर, ज्यांना कारखान्याच्या भाषेत ‘एफबीडी’ म्हणतात, आणि गोळ्या पाडणारी यंत्रे. यांपैकी प्रत्येकाची झाकणे, रबरी कडा आणि कापडी पिशव्या या धुळीच्या वाटा आहेत. एफबीडीची पिशवी झटकताना किंवा बदलताना उडणारी धूळ साऱ्या पाळीत मिळून उडणाऱ्या धुळीहून अधिक भरू शकते. गोळीवर एकदा आवरण चढले की मात्र धोका जवळजवळ संपतो.

साफसफाईचा विषय क्षुल्लक वाटतो, पण व्यावसायिक दम्याची पाळेमुळे शोधताना अन्वेषक पुन्हा पुन्हा तेथेच येऊन पोहोचतात. कोरडा झाडू मारणे आणि दाबाच्या हवेने यंत्र फुंकून काढणे या दोन गोष्टी विकरांच्या विभागात पूर्णतः वर्ज्य मानल्या जातात. नळीतून जोराचा पाण्याचा फवारा मारणेही टाळावे, कारण त्याने तुषार उडतात. हेपा गाळणी असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढून घ्यावी किंवा भरपूर पाणी हलकेच सोडून ती भिजवून पुसावी. सांडलेले विकर ‘शिफ्ट संपल्यावर बघू’ म्हणून ठेवू नये. ते वाळायच्या आत उचलावे. कपडे कारखान्यातच धुवावेत. कामाचा डगला घरी नेणे म्हणजे धूळ घरच्यांच्या श्वासापर्यंत नेणे होय.

मुखपट्टीचा क्रमांक या साऱ्यानंतर लागतो. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी तिच्यापासूनच सुरुवात होते आणि तिच्यावरच शेवट होतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा शस्त्रक्रियेच्या वेळची हिरवी-निळी पट्टी विकरांच्या सूक्ष्म धुळीपासून संरक्षण देत नाही. यंत्र उघडणे, गळती आवरणे अशा प्रसंगी ‘पी-३’ दर्जाच्या गाळणीचा श्वसनसंरक्षक सुचविला जातो. तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत शिरतेच. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली आठ तास असा मुखवटा कोणी लावून ठेवील, ही अपेक्षाच अवास्तव आहे. म्हणून तर यंत्र झाकणे आधी.

रविवारी बरे, सोमवारी पुन्हा

विकरांचा त्रास ओळखण्याची सोपी खूण वेळापत्रकात दडलेली असते. सुटीत बरे वाटते, कामावर परतताच शिंका सुरू होतात आणि आठवडा सरता सरता छाती जड होते. गोंधळ असा की दम्याची प्रतिक्रिया दर वेळी लगेच येत नाही. धूळ नाकात गेल्यापासून चार ते आठ तासांनीही ती येऊ शकते. दुपारच्या पाळीतील कामगाराला मग मध्यरात्री घरी धाप लागते आणि दोष घरातल्या गारव्याला, उदबत्तीला किंवा धुक्याला दिला जातो. जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांना रुग्ण काय काम करतो हे ठाऊक नसेल, तर तो वर्षानुवर्षे ‘हवामानाचा दमा’ म्हणून औषधे घेत राहतो.

यासाठी कामावर घेतानाच फुफ्फुसांची क्षमता मोजून ठेवावी लागते. पुढे ठराविक काळाने तीच चाचणी पुन्हा करतात. त्याच्या जोडीला त्वचेवर विकराचा थेंब ठेवून टोचण्याची किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई पाहण्याची चाचणी असते. यांचे महत्त्व असे की त्रास सुरू होण्याआधीच्या, मूक अवस्थेतही संवेदनशीलता उघड होते. अशा व्यक्तीला वेळीच धुळीपासून दूर केले तर बहुधा तिला दमा होत नाही. लक्षणे सुरू झाल्यावरही काम चालू ठेवले, तर पुढे काम सोडल्यानंतरही दमा कायम राहू शकतो.

येथे एक खरी अडचण आहे. चाचणीत संवेदनशीलता आढळली म्हणून नोकरी जाईल, या भीतीने कामगार लक्षणे लपवितो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ही भीती निराधार म्हणता येत नाही. ज्या कारखान्यांत अशा कामगाराला त्याच वेतनावर दुसऱ्या विभागात काम देण्याचे धोरण लेखी असते, तेथे तपासणीचा उपयोग होतो. जेथे ते नसते, तेथे तपासणीचे कागद नीटनेटके असतात आणि दमा चालू राहतो.

प्रयोगशाळेत नव्याने घडविलेल्या विकरांनी यात आणखी एक पेच निर्माण केला आहे. सिटाग्लिप्टिनसाठी घडविलेले विकर निसर्गात जसेच्या तसे कोठेही आढळत नाही. त्याच्यासाठी रुग्णालयात तयार आयजीई चाचणी मिळणार नाही. ती विकर पुरविणाऱ्या किंवा वापरणाऱ्या कंपनीलाच करून घ्यावी लागते. युरोपात विकरांच्या पोत्यांवर छातीवर चांदणीसारखी भेग असलेल्या मानवी आकृतीचे चिन्ह आणि श्वासावाटे गेल्यास अॅलर्जी किंवा दम्याची लक्षणे उद्भवू शकतात, असा इशारा छापलेला असतो. आयात केलेल्या पोत्यावर हे चिन्ह दिसले तर ते आगीचे नव्हे, तर फुफ्फुसांचे आहे, हे पोते उचलणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलेले असावे.

गोळीत काय उरते?

ग्राहकाच्या मनात येणारा प्रश्न साहजिक आहे. विकर वापरून बनविलेल्या औषधात त्याचा अंश राहतो काय? विकर दाण्यांना बांधलेले असेल तर ते द्रावणात जवळजवळ उतरतच नाही. मोकळे वापरले असेल तर ते उष्णतेने किंवा आम्लाने निकामी करून, गाळून वेगळे करतात आणि अंतिम औषधातील प्रथिनांचे अवशेष तपासतात. पेनिसिलिन गटाच्या औषधांची स्वतःचीच अॅलर्जी अनेकांना असते. म्हणून ती वेगळ्या, स्वतंत्र वायुवीजनाच्या विभागात बनवावी लागतात. २०२३ च्या अखेरीस अधिसूचित झालेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’मध्येही अशा तीव्र संवेदनकारी औषधांसाठी स्वतंत्र सुविधांची अट आहे.

विकर कोठून आले, हाही सुरक्षिततेचाच भाग. जीवाणूंच्या साह्याने इन्शुलिन बनविताना आणि लसींसाठी पेशी वाढविताना ट्रिप्सिन वापरले जाते. पूर्वी ते डुक्कर किंवा गाईच्या स्वादुपिंडातून काढले जाई. २०१० मध्ये रोटाव्हायरसच्या एका लसीत डुकरांतील एका विषाणूच्या जनुकीय पदार्थाचे अंश आढळल्याने अमेरिकेत तिचा वापर मार्चमध्ये थांबविण्यात आला आणि माणसाला धोका नसल्याचे स्पष्ट झाल्यावर मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. हे अंश बहुधा प्राणिज ट्रिप्सिनच्या वाटेने आले असावेत, असे मानले जाते. सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेले ट्रिप्सिन वापरण्याकडे उद्योगाचा कल वाढला, त्यामागे हे एक कारण आहे.

राहता राहिला वापरून झालेल्या विकराचा प्रश्न. शेकडो बॅचनंतर पेनिसिलिन अॅसिलेजचे दाणे थकतात, त्यांची काम करण्याची शक्ती संपते आणि ते टाकून दिले जातात. पण शक्ती संपली म्हणजे अॅलर्जी करण्याची क्षमता संपली, असे नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा विकराच्या कामाला नव्हे, तर त्याच्या आकाराला ओळखते. म्हणून हे दाणे उघड्यावर वाळत न टाकता ओलेच, बंद पिशवीत भरून नष्ट करण्यासाठी पाठविले जातात.